गिनीपिगचा पिंजरा आणि सकाळची दहा मिनिटं



मागच्या महिन्यात सांगलीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं. त्या लिहितात, "धाकट्या दिरांनी चिरंजीवांच्या वाढदिवसाला गिनीपिगची जोडी आणून दिली. आठवडाभर घरात नुसता आनंदीआनंद होता. आता महिन्यानं परिस्थिती अशी, की चिरंजीव क्रिकेटला, दीर पुण्याला आणि पिंजरा माझ्या गळ्यात! खोलीत वास येतो. सासूबाई म्हणतात, उंदीर झाले तर आपण औषध घालतो आणि हे विकत आणून पोसायचे? मी रोज फिनाईलनं पुसून काढते, तरी वास जात नाही. काय करू? कुणाला देऊन टाकू का?"

ताई, तुमच्या पत्राचं पहिलं उत्तर एका ओळीत देते, बाकीचं सावकाश बोलू. फिनाईल आजच बंद करा. माणसाच्या नाकाला उग्र वाटणारी वस्तू त्या मूठभर जिवाच्या नाकापासून दोन इंचांवर दिवसभर असते. पिंजऱ्याच्या जवळपास फिनाईल नको, डांबराच्या गोळ्या नकोत, मुंग्यांचा खडू नको, उदबत्तीचा धूरही नको. वास घालवायचा उपाय वेगळा आहे आणि तो अगदी स्वस्त आहे.

आणि देऊन टाकायचं म्हणाल, तर थोडं थांबा. आमच्या घरात गेली नऊ वर्षं गिनीपिग आहेत. पहिल्या वर्षी माझ्याच हातून एक मोठी चूक झाली, तीही आज तुम्हाला सांगणार आहे. माझ्यावर जी वेळ आली, ती तुमच्यावर येऊ नये एवढ्याचसाठी.

हा पाहुणा कुठला?

नावात 'पिग' असलं तरी याचा डुकराशी काही संबंध नाही, आणि 'गिनी' असलं तरी तो आफ्रिकेतल्या गिनी देशाचा नाही. याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत, पेरू-बोलिव्हियाकडच्या अँडीज पर्वतात. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी याला माणसाळवलं. तिकडे आपल्या कोंबड्यांसारखे हे स्वयंपाकघरातच वावरत आणि आजही तिकडे खाण्यासाठी पाळले जातात. थंड हवेचा, गवत खाणारा, कळपानं राहणारा आणि सगळ्यांना भिणारा असा हा प्राणी.

एवढ्या चार गोष्टी लक्षात ठेवल्या, की पुढची सगळी देखभाल आपोआप कळते. थंड हवेचा, म्हणून आपला उन्हाळा त्याला सोसत नाही. गवतावरचा, म्हणून पोळी-भात त्याच्या पोटाचा नाही. कळपातला, म्हणून एकटा ठेवला तर झुरतो. (स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून गिनीपिग एकटा ठेवायला कायद्यानंच बंदी आहे.) आणि भित्रा, म्हणून आजार लपवतो. रानात जो अशक्त दिसेल त्याच्यावर पहिली झडप पडते. त्यामुळे दुखलंखुपलं तरी हा शेवटपर्यंत काही झालंच नाही असं दाखवतो. मांजर ओरडून सांगेल, कुत्रा पायाशी येऊन बसेल, हा मात्र चकार शब्द काढणार नाही. तुम्हाला कळेल तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

मग कळायचं कशावरून? तर पिंजऱ्यावरून. म्हणून मी म्हणते, पिंजरा साफ करायचं काम कमी प्रतीचं समजू नका. तीच त्याची रोजची तपासणी.

घर कसं असावं?

दुकानात मिळणारे छोटे रंगीत पिंजरे दिसायला गोजिरे असतात, पण दोन गिनीपिगना निदान चार फूट लांब आणि दोन फूट रुंद एवढी जागा हवी. याहून मोठी असली तर उत्तमच. उंची फार लागत नाही, कारण हा चढणारा प्राणी नाही. जमीन मात्र सपाट आणि भरीव हवी. जाळीच्या तळाचा पिंजरा साफ करायला सोपा वाटतो, पण जाळीवर उभं राहून त्यांच्या तळव्यांना जखमा होतात, नखं अडकतात, पाय मोडतात. असा पिंजरा घरात असेल तर त्यात पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा ट्रे बसवून घ्या.

आत लपायला एक खोकं हवंच. चपलांचं रिकामं खोकं उपडं करून त्याला दोन दारं कापलीत तरी चालतं. दोन दारं अशासाठी, की एकानं अडवलं तर दुसऱ्याला बाहेर पडता यावं. खोकं ओलं झालं की फेकावं, नवं ठेवावं.

पिंजरा उन्हात नको, ओट्याजवळ नको, टीव्हीच्या शेजारी नको. मांजर पोचणार नाही आणि रात्री उंदीर शिरणार नाही अशा बेतानं ठेवा. मुंग्यांचा त्रास असेल तर आपल्या आया फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तोच उपाय करा.

अंथरूण

सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून बऱ्याच जणी तो घालतात. घालू नका. त्याची धूळ नाकात जाते, शिवाय हल्लीच्या भुशात प्लायवुडचा डिंक आणि रसायनं असतात.

मी काय करते सांगते. ट्रेमध्ये सगळ्यांत खाली वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्या. त्यावर जुना जाड टॉवेल. आणि सगळ्यांत वर फ्लीसचं कापड, म्हणजे हलक्या ब्लँकेटांना असतं ते मऊ, लोकरीसारखं कापड. नवं फ्लीस पाणी धरत नाही, तर वरच्यावर ठेवतं. म्हणून वापरण्याआधी चार-पाच वेळा धुऊन घ्यायचं. मग मूत्र खाली टॉवेलात उतरतं आणि वरचा भाग कोरडा राहतो. टॉवेलाच्या कडा शिवून टाका, सुट्या दोऱ्यांत त्यांची बोटं अडकतात.

असे तीन जोड ठेवावेत. एक अंथरलेला, एक धुण्यातला, एक वाळून घडी घातलेला. बाळाची दुपटी आपण अशीच फिरवली की नाही? हिशोब तोच. फ्लीस मिळालं नाही तर वर्तमानपत्रावर कोऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि वाळल्या गवताचा जाड थर घातला तरी चालतो. तो मात्र जास्त वेळा बदलावा लागतो.

सकाळची दहा मिनिटं

आता मुख्य काम. दूध तापत ठेवलं की मी पिंजऱ्याशी जाते. दूध वर येईपर्यंत निम्मं काम होतं!

पहिल्यांदा हात न लावता नुसतं पाहायचं. मी फ्रीज उघडला की एरवी दोघींची "वीक वीक" सुरू होते. ज्या दिवशी एकीचाच आवाज येईल, त्या दिवशी जास्त बारकाईनं बघायचं. कोपऱ्यात अंग फुगवून, केस उभे करून बसलेली आहे का? डोळे ओले, नाक चिकट आहे का? श्वास घेताना अंग हलतंय का?

मग पाण्याची बाटली. उलटी टांगायची, नळी असलेली बाटली घ्या. वाटीत पाणी ठेवलं तर अर्ध्या तासात त्यात गवत आणि लेंड्या. पाणी रोज बदलायचं, बाटलीत शेवाळ धरू द्यायचं नाही, नळीतली गोळी बोटानं दाबून पाणी येतं ना ते पाहायचं. आणि किती पाणी संपलं त्यावर नजर ठेवायची. एकदम फार कमी किंवा फार जास्त संपलं, तर काहीतरी बिघडलं आहे असं समजा.

मग कालची उरलेली भाजी काढायची. काय उरलं, किती उरलं, हे पाहून मगच टाकायचं.

शेवटी लेंड्या. नाक मुरडू नका, बाई! लहान मूल असताना आपण दुपट्यातलं पाहूनच पोटाचं ओळखत होतो. निरोगी गिनीपिगची लेंडी कोरडी, गडद, लांबट आणि सगळ्या एकसारख्या. दिवसाला शंभरावर सहज पडतात. लहान हाताच्या झाडूनं आणि सुपलीनं गोळा केल्या की झालं. त्या बारीक झाल्या, कमी झाल्या, एकमेकींना चिकटून येऊ लागल्या किंवा पातळ झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर. मधूनच तो मान वाकवून स्वतःची मऊ लेंडी खाताना दिसेल. किळस करू नका, मुलांनाही सांगून ठेवा. गवत एकदा पचवून पुरत नाही, म्हणून ती त्याची दुसरी पंगत असते, एवढंच. गोळा केलेल्या लेंड्या कुंड्यांना उत्तम खत होतात. आमच्याकडे गुलाब आणि जास्वंद त्यावर पोसली आहेत. (तुळशीला घालत नाही, सासूबाईंचा शब्द!)

मूत्राकडेही लक्ष असू द्या. ते थोडं पांढुरकं, गढूळ असतं आणि वाळलं की खडूसारखा डाग पडतो, त्यानं घाबरून जायचं कारण नाही. पण रवाळ वाळूसारखा थर दिसला, लालसर झाक आली किंवा मूत्र करताना तो कळवळून ओरडला, तर मूतखडा असू शकतो. थांबायचं नाही.

ओलं गवत काढा, कोरडं ताजं भरा. झाली दहा मिनिटं. संध्याकाळी भाजी देताना आणखी एक नजर टाकली की दिवसाचं काम संपलं.

आठवड्याची सफाई

दर तीन-चार दिवसांनी अंथरूण बदला. कापड बाहेर नेऊन झटका, केस आणि गवत ब्रशानं काढा, मगच धुवायला टाका. नाही तर धुण्याच्या मशिनची गाळणी तुंबते आणि घरात बोलणी बसतात! साबण बिनवासाचा, थोडाच. कापड मऊ करायची सुवासिक द्रव्यं वापरू नका. त्यांनी फ्लीस पुन्हा पाणी धरेनासं होतं.

आठवड्यातून एकदा ट्रे धुवायचा. कोपऱ्यांत पांढरा कडक थर धरलेला असतो. तो साबणानं हलत नाही आणि खरा वास तिथूनच येतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन त्यावर ओता, पंधरा मिनिटं ठेवा, जुन्या दात घासायच्या ब्रशानं घासा. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चोळा. मग स्वच्छ पाण्यानं धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. सांगलीच्या ताई, तुमचा वास यानंच जाईल. एक मात्र सांभाळा. व्हिनेगर किंवा लिंबाबरोबर ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. हे नुसतं पिंजऱ्यापुरतं नाही, न्हाणीघरातही लक्षात ठेवा.

धुतलेल्या पिंजऱ्यात जुन्यातलं मूठभर कोरडं गवत परत टाका. आपला वास सापडला नाही तर ते बावरतात, आणि दोन नर असले तर भांडतातही.

याच दिवशी दोघांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घ्या. परडीत बसवा, परडीचं वजन वजा करा. मोठ्या गिनीपिगचं वजन साधारण ७०० ग्रॅम ते १२०० ग्रॅम असतं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाच्या खाड्यांशेजारी हाही आकडा लिहा. एका आठवड्यात पन्नास-साठ ग्रॅमनं उतरला तर तो आजारी आहे, मग दिसायला कितीही टुणटुणीत असो. याच वेळी नखं पाहा, तळवे लाल झालेत का पाहा, पुढचे दात सरळ आहेत ना ते पाहा. आंघोळ मात्र घालू नका. त्याला ती लागत नाही आणि थंडी बाधते.

ताटात काय वाढायचं?

ऐंशी टक्के गवत, हे सूत्र. त्याचे दात जन्मभर वाढतात, पुढचे आणि दाढाही. गवत चघळूनच ते झिजतात. म्हणून वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं. दुकानात टिमोथी गवताची पाकिटं मिळतात. ती महाग वाटली तर गोठ्यावाल्याकडून चांगलं, हिरवट, सुवासिक वाळलं गवत घ्या. काळपट, कुबट वासाचं नको. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, पण खाण्यात त्यात सत्त्व नाही. लसूणघास पिल्लांना आणि गाभण मादीला चांगला, मोठ्यांना मात्र रोज नको. त्यात चुना जास्त असतो, त्यातून खडे होतात. फवारणी न केलेली ताजी हरळी दिली तर दोघं नाचतात. गणपतीत दूर्वा निवडताना उरलेली काडी न् काडी आमच्याकडे पिंजऱ्यात जाते.

गवताच्या जोडीला प्रत्येकाला रोज मोठी वाटीभर ताजी भाजी. कोथिंबीर, ढोबळी मिरची, काकडी, कोशिंबिरीचा पाला. मेथी, पालक अधूनमधून. कोबी-फ्लॉवर अगदी कमी, त्यानं पोट फुगतं. गाजर आणि फळं गोड, म्हणून चवीपुरती. भाजी धुऊन, निथळून द्यावी. फ्रीजमधली गारढोण देऊ नये. गिनीपिगसाठी मिळणारं गोळीखाद्य दोन मोठे चमचे पुरे.

कांदा, लसूण, बटाटा, पोळी, भात, बिस्किटं, दूध, चॉकलेट यांतलं काही नको. पाहुणे आले की कुणीतरी हटकून "बघू या, खातो का" म्हणून शेव टाकतंच! पिंजऱ्यावर सरळ पाटी लावा.

आता एक गंमत सांगते. माणसासारखाच गिनीपिगही स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. बहुतेक प्राण्यांना ते जमतं, आपल्याला आणि याला नाही. १९०७ साली नॉर्वेमधल्या आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख या दोन शास्त्रज्ञांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर आणि पावावर ठेवलं. त्यांचा शोध वेगळ्याच रोगाचा चालला होता. पण गिनीपिगना झाला स्कर्व्ही, म्हणजे हिरड्यांतून रक्त येणारा, सांधे सुजवणारा, खलाशांना होणारा रोग. ताजी भाजी आणि लिंबाचा रस यांनी तो टळतो, हेही तिथंच दिसलं. पुढे १९३२ मध्ये गिनीपिगवरच्याच प्रयोगांतून अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी शोधलेला पदार्थ हेच क जीवनसत्त्व असल्याचं सिद्ध झालं. मग त्यांनी ते हंगेरीतल्या लाल मिरच्यांमधून भरपूर काढलं आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हा आवळा-लिंबाचं महत्त्व शास्त्रानं आपल्याला पटवून दिलं, त्यात या मुक्या जिवाचा वाटा मोठा आहे. सासूबाईंना हे जरूर सांगा!

घरात याचा उपयोग एवढाच, की रोज ढोबळी मिरचीच्या एकदोन कापा, कोथिंबीर आणि अधूनमधून पेरूची बारकी फोड चुकवायची नाही. पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब घालायला सांगतात, पण पाण्यात ते लवकर निकामी होतं. गोळीखाद्याचं पाकीटही लहान आणि ताज्या तारखेचं घ्या, जुन्या गोळ्यांत क जीवनसत्त्व उरत नाही.

माझी चूक

आता ती गोष्ट. आमचे पहिले दोघं, गोट्या आणि बंड्या. थोरल्यानं हट्टानं आणले. "आई, तुला काही करावं लागणार नाही" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. पहिला महिना त्यानं केलं. मग एक दिवस तो, एक दिवस धाकटी, कधी हे, कधी मी. ज्याला वेळ असेल त्यानं लेंड्या झाडाव्या, गवत भरावं. सगळ्यांचं काम, म्हणजे कुणाचंच नाही.

श्रावणात गोट्या शिंकायला लागला. कपाटात धाकटीच्या खोकल्याच्या वेळचं अँटिबायोटिक औषध उरलेलं होतं, अमॉक्सिसिलिनचं, गुलाबी, गोड. लहान मुलांना चालतं, मग याला का नाही? मी थेंब मोजून पाजलं. तेही तीन दिवस, अगदी वेळेवर. मला वाटलं, मी काळजी घेते आहे.

तिसऱ्या दिवशी त्याला जुलाब सुरू झाले. चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाटलीचं नाव वाचलं आणि खाली ठेवली. म्हणाले, पेनिसिलिनच्या कुळातली ही औषधं पोटातून दिली तर गिनीपिगला जीवघेणी ठरतात. त्याच्या आतड्यात गवत पचवणारे जंतू असतात, ते मरतात आणि घातक जंतू माजतात. मग त्यांनी विचारलं, "यानं शेवटचं खाल्लं कधी?"

आम्ही चौघंही गेलो होतो, पण एकालाही सांगता आलं नाही.

गोट्या त्याच रात्री गेला. थोरला दोन दिवस जेवला नाही आणि मला रागावलाही नाही, ते जास्त लागलं. बंड्या आठवडाभर त्याला शोधत पिंजऱ्याच्या कडेकडेनं फिरायचा.

म्हणून हात जोडून सांगते. घरातलं कुठलंही उरलेलं औषध गिनीपिगला देऊ नका. बारा तास त्यानं काही खाल्लं नाही तर "उद्या बघू" म्हणू नका. त्याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं, थांबलं तर दिवसभरात जीव जातो. आणि कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना गिनीपिगची सवय असते असं नाही. प्राणी धडधाकट असतानाच जवळपास कोण पाहतं याची चौकशी करून नंबर लिहून ठेवा.

ऋतुमानाप्रमाणे

उन्हाळा हा त्याचा वैरी. अठरा ते चोवीस अंश त्याला मानवतं. सत्तावीसच्या वर गेलं की जपायला हवं. आपल्याकडचा मे महिना म्हणजे विचारूच नका. नागपूर-जळगावकडच्या भगिनींनी तर दुपारी थंड राहणारी खोली नसेल तर हा प्राणी आणूच नये, असं मी स्पष्ट सांगेन. इतरांनी घरातली सर्वांत गार खोली द्यावी, शहाबादी फरशीचा तुकडा भिजवून पुसून आत ठेवावा, गार पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून द्यावी. कूलरचा झोत थेट अंगावर नको. तो आडवा पडून धापा टाकतोय, तोंडातून लाळ येतेय असं दिसलं तर ऊन बाधलं आहे. गार जागी न्या, साध्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं कान आणि पाय पुसा, बर्फ लावू नका आणि लगेच डॉक्टर गाठा.

पावसाळ्यात गवताला बुरशी धरते. थोडं थोडं आणा, कापडी पिशवीत टांगून ठेवा. अंथरूण वाळत नाही तेव्हा इस्त्री फिरवा, दमट घालू नका. याच दिवसांत त्याच्या अंगावर केस गेलेले, खपली धरलेले गोल चट्टे दिसले तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो आणि तो मुलांनाही लागतो. हाताळल्यावर साबणानं हात धुवायची सवय बाराही महिने हवी.

दिवाळीत पिंजरा आतल्या खोलीत, अर्धा चादरीनं झाकून, जास्तीचं गवत घालून ठेवा. फटाक्याच्या आवाजानं त्याची छाती धडधडते.

आणखी एक सावधगिरी

ताई, तुम्ही 'जोडी' म्हणता. नर-मादी की दोघं एकाच जातीचे, हे डॉक्टरांना दाखवून घ्या. दुकानात हे सर्रास चुकतं. मादी चार आठवड्यांचीही गाभण राहू शकते आणि बाळंत झाल्या झाल्या पुन्हा राहते. साधारण दोन महिन्यांहून थोड्या जास्त दिवसांनी पिल्लं होतात, ती डोळे उघडे, अंगभर केस आणि दात घेऊनच येतात. नर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की आईपासून वेगळी करावी लागतात. आणि मादी सात-आठ महिन्यांपर्यंत एकदाही व्याली नसेल, तर तिच्या ओटीपोटाची हाडं घट्ट होतात, मग पहिलं बाळंतपण तिच्या जिवावर बेततं. म्हणून दोन माद्या किंवा दोन नर, हेच बरं.

मग हे करायचं कुणी?

गोट्या गेल्यावर आम्ही घरात एक नियम केला. सकाळची दहा मिनिटं एकाच माणसाची, महिनाभर. त्यानं खाणं, पाणी, लेंड्या पाहून दिनदर्शिकेवर बरोबरची खूण करायची. महिना संपला की दुसऱ्याची पाळी. पाळी माझीही येते, ह्यांचीही येते. पहिल्या दिवशी ह्यांनी चिमट्यानं लेंड्या उचलल्या होत्या! पण आता गिनीपिगच्या तब्येतीबद्दल घरात सर्वांत बारीक नजर ह्यांचीच आहे.

तुमचे चिरंजीव मोठे असतील तर त्यांनाही पाळी द्या. लहान मुलाला जमिनीवर बसवून मांडीवर द्या. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. उभ्यानं उचलून घेऊ देऊ नका, हातातून पडला तर पाठीचा कणा मोडतो. रोजची जबाबदारी मात्र मोठ्या माणसानं डोळ्याखाली घालायलाच हवी. गिनीपिग पाच ते आठ वर्षं जगतो. आज चौथीतलं मूल तेव्हा दहावीच्या पुढे गेलेलं असेल. हे घरात आधी बोलून घ्या, आणि जमणार नसेल तर ज्यांना जमेल अशा घरी दोघांना मिळून द्या. त्यात कमीपणा नाही. मे महिन्यात गावाला जाताना "चार दिवसांचं गवत घालून ठेवलंय" असं करणं मात्र बरं नाही. शेजारच्या वहिनींना किल्ली द्या, वर लिहिलेल्या खुणा समजावून सांगा, डॉक्टरांचा नंबर पिंजऱ्यावर चिकटवा.

आमचा बंड्या पुढे पाच वर्षं जगला. त्याला जोडीदार आणला, तोही म्हातारा होऊन गेला. आता ठमी आणि ठकी आहेत. परवा माझ्या पाळीच्या सकाळी ठकीची काकडी तशीच राहिलेली दिसली आणि लेंड्याही बारीक. तासाभरात डॉक्टरांकडे होतो. दाढ वाढून जिभेला टोचत होती. त्यांनी विचारलं, "कधीपासून खात नाही?" मी म्हटलं, "काल संध्याकाळी सातला मिरची खाल्ली, त्यानंतर काही नाही."

ठकी आता बरी आहे. हे लिहीत असताना मी फ्रीज उघडला, तर दोघींचाही आवाज आला.